छत मालकाचं, बिल किरायदाराचं

युरोपात थंडी पडली की भाड्याच्या घरात राहणाऱ्याला धडकी भरते ती घर उबदार ठेवण्याच्या खर्चाची. २०२२ साली युक्रेनचं युद्ध सुरू झालं, गॅस महागला आणि तिकडच्या भाडेकरूंच्या बिलांच्या बातम्या आपल्या वर्तमानपत्रांपर्यंत पोचल्या. आपल्या वऱ्हाडात हेच दुखणं उलट्या ऋतूत येतं. आपल्याला घर तापवायचं नसतं, तापलेलं घर निववायचं असतं. अकोल्याने मे २०२० मध्ये ४७ अंशांचा आकडा ओलांडला. मे २०२४ मध्ये पारा पंचेचाळिशीच्या पुढे गेला, तेव्हा उष्णतेमुळे जिल्हाधिकाऱ्यांना जमावबंदीचं कलम १४४ लावावं लागलं. शिकवणी वर्गांच्या वेळा बदलल्या आणि कामगारांना पाणी-पंख्याची सोय देणं बंधनकारक झालं. दंग्यासाठी लागणारं कलम उन्हासाठी लागलेलं आपण पाहिलं. अशा गावात कूलर ही चैन नाही, हे वेगळं सांगायला नको.

आणि तरीही अमरावतीत काय, अकोल्यात काय, खोली पाहायला गेलेल्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत ऐकू येतं, "कूलर लावाल तर महिन्याचे एवढे जादा." किराया वेगळा, पाणी वेगळं आणि कूलरचं आणखी वेगळं. विद्यापीठात शिकायला आलेली मुलं, स्पर्धा परीक्षेच्या तयारीला तालुक्यातून आलेली पोरं-पोरी, बदलीवरचे शिक्षक, दुकानात काम करणारी कुटुंबं, सगळे हे ऐकतात आणि मान डोलावतात. कारण मे महिन्यात सामान घेऊन दुसरी खोली शोधायची कुणाची टाप आहे?

हा जो कूलर आहे, तो करतो तरी काय, ते आधी पाहू. त्यात गॅस नाही, कॉम्प्रेसर नाही. एक पंखा, एक छोटी मोटर आणि तीन बाजूंनी ओल्या ताट्या, मग त्या खसाच्या असोत की लाकडाच्या कीसाच्या. बाहेरची कोरडी हवा ओल्या ताटीतून आत येते, पाण्याची वाफ होते आणि वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता त्या हवेतूनच ओढली जाते. एक लिटर पाणी असं उडून जातं तेव्हा सुमारे दोन तृतीयांश युनिट विजेएवढी उष्णता सोबत घेऊन जातं. म्हणजे काम पाणी करतं आणि वीज फक्त वारा घालते. म्हणूनच दीड-दोनशे वॅटचा कूलर आपल्या कोरड्या उन्हाळ्यात अख्खी खोली सुसह्य करतो. एसी त्याच खोलीसाठी हजार-दीड हजार वॅट ओढतो. मुंबईच्या माणसाला कूलरचं हे कौतुक कळत नाही, कारण तिथल्या दमट हवेत पाणी उडतच नाही. आपल्याकडेही मृग लागला की कूलर नुसता चिकचिक करतो.

पण यात दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे पाणी. कूलर दिवसाला कित्येक बादल्या पितो, आणि अकोल्यात महानच्या काटेपूर्णा धरणातून येणारं पाणी उन्हाळ्यात रोज नळाला येत नाही. दुसरी म्हणजे उघडी खिडकी. ओली झालेली हवा बाहेर पडायला वाट नसेल तर थोड्याच वेळात खोलीत दमटपणा साचतो आणि कूलर असूनही घाम येतो. किरायाच्या खोलीला बहुधा एकच खिडकी असते, त्यात कूलर बसतो. मग दार बंद केलं की थंडावा संपला, आणि उघडं ठेवलं तर अब्रूचा आणि चोरीचा प्रश्न. पुष्कळ लोक म्हणतात कूलर बिघडला. कूलर चांगला असतो, खोलीला नाक नसतं.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे डोक्यावरचं छत. जुनी वऱ्हाडी घरं धाब्याची होती. जाड मातीच्या भिंती, लाकडाचा सांगाडा आणि वर पांढऱ्या मातीचा थर. दुपारचं ऊन आत पोचायला संध्याकाळ व्हायची, आणि तोवर घरातली माणसं गच्चीवर निघालेली असायची. आमच्याकडचे मुशायरे उन्हाळ्यात रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालत, ते केवळ रसिकतेमुळे नव्हे. आता सिमेंटचा स्लॅब आला. तो दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर खोलीत ओकत राहतो. घरमालक साहजिकच खालच्या मजल्यावर राहतो आणि किरायदाराला वरची खोली देतो. कुठे स्लॅबऐवजी टिनपत्रा असतो, मग तर बोलायलाच नको. म्हणून वरच्या खोलीतला कूलर रात्री दहाला बंद होत नाही, तो पहाटेपर्यंत चालतो.

आता हिशेब मांडून पाहू. दोनशे वॅटचा कूलर बारा तास चालला तर रोज २.४ युनिट, महिन्याला ७२. एरवी पंखे, दिवे, फ्रिज, टीव्ही मिळून नव्वद युनिटांत भागवणारं कुटुंब मे महिन्यात १६० च्या घरात जातं. वाढ फार दिसत नाही. पण महावितरणचे घरगुती दर पायऱ्यांचे आहेत. पहिली पायरी १०० युनिटांपर्यंत, दुसरी ३०० पर्यंत, तिसरी ५०० पर्यंत आणि त्यापुढे चौथी. दुसऱ्या पायरीचा दर पहिल्यापेक्षा जवळजवळ दुप्पट आहे. म्हणजे पंखा आणि दिवा स्वस्त पायरीवर बसतात आणि कूलरचं बहुतेक प्रत्येक युनिट महाग पायरीवर जाऊन पडतं. त्यावर पुन्हा सोळा टक्के वीज शुल्क.

खरी मेख पुढेच आहे. बहुतेक किरायाच्या वाड्यांत महावितरणचा मीटर एकच असतो, मालकाच्या नावाचा. प्रत्येक खोलीला बाजारातून आणलेला छोटा सबमीटर लावलेला असतो आणि मालक "युनिटला बारा रुपये" असा सरसकट दर सांगतो. दर वर्षागणिक बदलतात, म्हणून समजायला सोपे असे ठोकळ आकडे धरू. पहिली पायरी सहा रुपये, दुसरी बारा, तिसरी पंधरा. तीन किरायदार, प्रत्येकाची १६० युनिटं. प्रत्येकाचा मीटर वेगळा असता तर १०० युनिटांचे सहाशे आणि वरच्या ६० चे ७२० असे १,३२० रुपये आले असते. तिघांचे मिळून ३,९६०. पण मीटर एक असल्यामुळे ४८० युनिटं एकाच शिडीवर चढतात. पहिल्या शंभराचे सहाशे, पुढच्या दोनशेंचे २,४००, उरलेल्या १८० चे २,७००. एकूण ५,७००. वीज तेवढीच, तारा त्याच, आणि १,७४० रुपये जास्त. वेगळे मीटर घेतले तर स्थिर आकार प्रत्येक मीटरला लागतो हे खरं, पण तो वजा करूनही किरायदाराचा फायदाच राहतो.

म्हणून मालकाला लगेच लुटारू ठरवू नये, असं माझं मत आहे. ५,७०० भागिले ४८० केलं तर पावणेबाराच्या वर दर पडतो, तेव्हा मे महिन्यात त्याने बारा मागितले तर त्यात खोट नाही. खोट आहे ती दोन ठिकाणी. हिवाळ्यात तेच तिघं ऐंशी-ऐंशी युनिटं जाळतात, तेव्हा एकत्र बिल २,२८० येतं, म्हणजे युनिटला साडेनऊ. मालक मात्र बारानेच २,८८० गोळा करतो. दुसरी अशी की मालकाचं स्वतःचं घर त्याच मीटरवर असेल तर स्वस्तातली पहिली शंभर युनिटं कुणाच्या नावावर मांडायची, हा प्रश्न कुणी विचारतच नाही. ती त्याची, आणि महागातली आपली, असं न बोलता ठरलेलं असतं. वास्तविक वीज विकायला परवाना लागतो, तो घरमालकाकडे नसतो. बिल वाटून घेणं वेगळं आणि विजेवर नफा कमावणं वेगळं. मूळ बिलाची प्रत दाखवा, एवढं म्हणायला कुणाची हरकत नसावी.

उन्हाळ्यात आणखी एक कागद येतो. साधारण एप्रिल-मेमध्ये महावितरण वर्षभराच्या सरासरी वापरावरून अतिरिक्त सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल पाठवतं. ते वीजबिल नसतं, ठेव असते. तिच्यावर व्याज मिळतं आणि ते बिलात वळतं होतं. पण किती घरांत ही ठेव "यंदा बिल डबल आलं" म्हणून किरायदारांत वाटली जाते! पैसे त्याने भरायचे, ठेव मालकाच्या नावावर, आणि खोली सोडताना तिची आठवण दोघांनाही नाही.

२०२० च्या जून महिन्याचं बिल तर अनेकांना आठवत असेल. टाळेबंदीत मीटर वाचणं थांबलं होतं, एप्रिल-मेची बिलं हिवाळ्याच्या सरासरीवर गेली आणि जूनमध्ये खरं वाचन झालं तेव्हा उन्हाळ्याचा सगळा फरक एकदम अंगावर आला. महावितरणने पायऱ्यांचा लाभ महिनेवार विभागून दिल्याचं सांगितलं, हिशेब समजावून द्यायला मदत कक्ष उघडले. पण तो हिशेब ज्याच्या नावावर बिल, त्याच्यासाठी. सबमीटरवाल्याला कुणी काय समजावणार? कंपनीच्या दप्तरी तो माणूसच नाही.

दप्तरी नाव लागावं यासाठी कायदा मात्र आहे. वीज कायदा २००३ मध्ये आला. त्याचं कलम ४३ सांगतं की जागेचा मालक किंवा जागेत राहणारा, दोघांपैकी कुणीही अर्ज केला तरी वीज देणं हे कंपनीचं कर्तव्य आहे. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की मालकाचं ना-हरकत पत्र नाही एवढ्या कारणावरून भाडेकरूला वीज नाकारता येणार नाही. अर्जदार त्या जागेत राहतो की नाही, एवढंच पाहायचं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, लागू झाला ३१ मार्च २००० पासून. त्याच्या कलम २९ प्रमाणे मालकाला पुरेशा कारणाशिवाय भाडेकरूची वीज किंवा पाणी तोडता येत नाही. तोडलं तर न्यायालयात दाद मागता येते आणि शिक्षेचीही तरतूद आहे. अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा मात्र कायद्याच्या भाषेत 'भाडेकरू' नसून 'परवानाधारक' ठरतो, त्यामुळे या कलमाचा आधार त्याला किती, यावर वकील भांडतील. कलम ४३ त्या भांडणात पडत नाही, ते ताबा पाहतं. बिलाची तक्रार १९१२ या क्रमांकावर करता येते. तिथे निभावलं नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्यानंतर नागपूरचे वीज लोकपाल. थकबाकीसाठी वीज तोडायची तर पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते. मालकाने तुमचे पैसे घेऊन बिल भरलं नाही तर हे पंधरा दिवस फार मोलाचे असतात, पण नोटीस मालकाच्या हातात पडते. म्हणून ग्राहक क्रमांक लिहून ठेवावा, बिल भरलं की नाही ते मोबाईलवर पाहता येतं.

आता छताकडे परत येऊ. गच्चीला उन्हाळ्याआधी चुन्याचे दोन हात दिले, ऊन परतवणारा पांढरा रंग मारला, किंवा पऱ्हाट्या-तुराट्या पसरल्या तरी खालच्या खोलीत फरक जाणवतो. तेलंगणाने २०२३ मध्ये अशा थंड छतांचं धोरणच आखलं. पण वऱ्हाडातल्या किरायदाराने चुना का लावावा? छत त्याचं नाही. आणि मालकाने तरी का लावावा? बिल त्याचं नाही. २०२४ साली सुरू झालेल्या सूर्यघर योजनेत छतावरच्या सौर पॅनेलला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे, तेही छताच्या धन्याला. त्याचं बिल शून्यावर येतं आणि वरच्या खोलीतल्याचा सबमीटर बारा रुपयांनीच फिरत राहतो.

जर्मनीने यावर एक वाट काढली. २०२३ पासून तिथे घर तापवण्याच्या इंधनावरचा कार्बन कर मालक आणि भाडेकरू यांत वाटला जातो. घर जितकं गळकं, उष्णता न धरणारं, तितका मालकाचा वाटा मोठा, अगदी पंचाण्णव टक्क्यांपर्यंत. इंग्लंडमध्ये ठरावीक प्रतीपेक्षा वाईट घर काही अपवाद सोडता भाड्याने देताच येत नाही. आपल्याकडे असा कायदा उद्या होईल असं मी म्हणत नाही. पण करारात एक ओळ घालायला कायदा लागत नाही. गच्चीला चुना कुणी लावायचा, सबमीटरचं सुरुवातीचं वाचन किती, दर मूळ बिलाप्रमाणे की ठोक, ठेवीचं बिल कुणाचं.

अडचण एवढीच की आपल्याकडे करार होतात जून-जुलैमध्ये, शाळा-कॉलेजं उघडताना. पाऊस पडत असतो, कूलर माळ्यावर गेलेला असतो, त्याचा विषयच निघत नाही. जूनच्या एक तारखेपासून अकरा महिने मोजले की करार संपतो तीस एप्रिलला. नव्या किरायाची आणि कूलरच्या पैशांची बोलणी सुरू होतात ती नेमकी तेव्हा.