१६० चौरस फूट

दुपारचे पावणेतीन वाजलेत. आम्ही दोघी हॉटेलच्या लॉबीत बॅगा पायाशी घेऊन बसलो आहोत. खोली तीनला मिळणार म्हणजे तीनलाच. काउंटरवरच्या मुलीने मघाशी आमचे पासपोर्ट दोन्ही हातांनी घेतले, झेरॉक्स काढल्या, दोन्ही हातांनीच परत केले, वाकली आणि हाताचा पंजा उघडा करून भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. आईला हे पटलेलं नाही. "खोली रिकामी आहे ना? मग द्यायला यांचं काय जातंय?" असं ती मला विचारते, पण तिचाही आवाज खाली आलाय. आजूबाजूला सात-आठ माणसं बसलीत आणि कुणीही बोलत नाहीये.

टोकियोतल्या उएनो स्टेशनपासून पाच-सहा मिनिटांवरचं हे बिझनेस हॉटेल. दोन इमारतींमधल्या फटीत उभं केलेलं, अकरा मजली, रुंदीला जेमतेम तीन मोटारी मावतील एवढं. फिरतीवरच्या नोकरदारांनी रात्री पाठ टेकावी आणि सकाळी निघावं, एवढ्यासाठी ही हॉटेलं. आता त्यांत आमच्यासारखेही उतरतात. येण्याआधी मी इथे राहून गेलेल्यांचे शेकडो अभिप्राय वाचले. नव्वद टक्के लोकांचं म्हणणं एकच: खोली लहान, पण स्वच्छ. त्या 'पण'वर भरवसा ठेवून मी एकाहत्तर वर्षांच्या बाईला इथे आणलंय आणि आता पोटात थोडी धाकधूक आहे.

लिफ्टशेजारी एक फळी आहे. तिच्यावर दात घासायचे ब्रश, कंगवे, दाढीचे रेझर, कानकाड्या, ग्रीन टीच्या पुड्या. हे सगळं पूर्वी खोलीत ठेवलेलं असायचं. एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकविषयीचा कायदा एप्रिल २०२२ पासून लागू झाला आणि पुष्कळ हॉटेलांनी ते खाली लॉबीत आणून मांडलं. लागेल तेवढंच घ्या, अशी नम्र पाटी आहे. आई पाटीकडे पाहते, ब्रशांकडे पाहते. "फुकट?" मी मान हलवते. ती दोन कंगवे उचलते, जरा विचार करते आणि एक परत ठेवते.

तीन वाजतात. सातवा मजला. लिफ्टचं दार उघडतं तसा समोर लांब, अरुंद पॅसेज. दोन्ही बाजूंना दारं, एकसारखी, सगळी बंद. आई तिथेच थांबते.

"अगं, ही तर आमची चाळ."

ती नायगावच्या बीडीडी चाळीत वाढली. मधून पॅसेज, दोन्हीकडे खोल्या, प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची. विसाच्या दशकात इंग्रज सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने या चाळी बांधल्या, म्हणून बीडीडी. त्या एका खोलीत आईच्या घरची सात माणसं, वर गावाहून नोकरी शोधायला आलेला कुणी ना कुणी. आता तिथल्या लोकांना पुनर्विकासात ५०० फुटांची घरं मिळतायत, हा तिचा आवडता विषय आहे, पण तो आत्ता नको.

मी कार्ड लावते, दार उघडतं. आत शिरल्यावर तेच कार्ड भिंतीतल्या खाचेत खोचायचं, मग दिवे लागतात. दोन पलंग, त्यांच्या मधे एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी वाट, भिंतीला चिकटलेलं टेबल, त्याच्याखाली खोक्याएवढा फ्रिज. दोन्ही बॅगा एकदम उघडायच्या म्हटलं तर एकीला बाहेर उभं राहावं लागेल. बुकिंगच्या कागदावर लिहिलंय, १५ चौरस मीटर. मी मोबाइलवर गुणाकार करते आणि मलाच हसू येतं. १६१ चौरस फूट.

"एक फूट जास्तच दिलाय की," आई म्हणते आणि पदर खोचते.

मी माफी मागायच्या तयारीत होते. ती मात्र खोली वाचायला लागलीय. आधी वाकून पलंगाखाली बघते. पलंगाचे पाय मुद्दाम उंच ठेवलेत. "ट्रंकेची जागा." मोठी बॅग सरकन आत जाते. मग भिंतीवरचे हूक मोजते, सात भरतात. आरसा लांबडा आहे आणि टेबलासमोर आहे, म्हणजे टेबलच वेणीफणीला. उशाशी भिंतीत अडकवलेली विजेरी ती ओढून काढते, तर ती आपोआप पेटते. भूकंपात वीज गेली तर अंधारात बटण शोधत बसायला नको. खिडकीच्या काचेवर लाल त्रिकोण आहे, टोक खाली. आग लागली तर बंबवाल्यांनी कुठून आत यायचं, त्याची ती खूण. ड्रॉवरमध्ये बायबल आणि बुद्धाच्या शिकवणीचं पुस्तक शेजारी शेजारी. आई दोन्हींना हात लावून नमस्कार करते आणि ड्रॉवर बंद करते.

न्हाणीघराचं दार उघडल्यावर मात्र ती मोठ्याने हसते. आत जायला चांगली वीतभर पायरी आहे. "मोरीचा उंबरठा!" टब, बेसिन, कमोड, भिंती, छत, सगळं एका साच्यातून काढल्यासारखं, फिकट पिवळं, कुठे टाइल नाही की कोपरा नाही. याला इथे युनिट बाथ म्हणतात. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकच्या वेळी न्यू ओतानी हे हजारावर खोल्यांचं हॉटेल घाईने उभं करायचं होतं. एकेक न्हाणीघर गवंड्यांकडून बांधून घ्यायला वेळ नव्हता, म्हणून कारखान्यात तयार केलेले भाग आणून जागेवर जोडले. पायरी त्याचीच: खाली नळ आणि सांडपाण्याचे पाइप जातात. नळ एकच आहे. बेसिनवर फिरवला की तोंड धुवायचं, टबावर फिरवला की आंघोळ. आई तो चार वेळा इकडून तिकडे फिरवते. कमोडच्या बाजूला बटणांची पट्टी, पाण्याचा फवारा, गरम-गार. मागे युरोपच्या सहलीत तिने याच एका गोष्टीवरून दहा दिवस माझं डोकं खाल्लं होतं. इथे ती एकच शब्द बोलते: "माणसं."

आणि मग टबाच्या वर, भिंतीत, तिला एक गोल चकती दिसते. ती ओढते. आतून दोरी निघते, लांबच लांब, समोरच्या भिंतीवरच्या खुंटीपर्यंत. कपडे वाळत घालायची दोरी. आई मला हाक मारते ती अशी, की मी घाबरून धावते.

रात्रीचं जेवण चटकन उरकतं. कोपऱ्यावरच्या दुकानातून ओनिगिरी, म्हणजे भाताचे मुटके, आणि भाजलेला बांगडा आणतो. मासे खाणारी बाई बरोबर असली की जपानात निम्मे प्रश्न सुटतात. बांगड्याला मीठ थोडं जास्त आहे, असं तिचं मत पडतं. शेजारच्या खोलीत कुणीतरी टबात पाणी सोडलंय, ते स्पष्ट ऐकू येतं. उशी कडक आहे, मला ती अजिबात आवडत नाही. मधूनच रेल्वेचा आवाज येतो. पण माणसाचा आवाज नाही. आई दोनदा दार किलकिलं करून पॅसेजमध्ये डोकावून येते. "इतकी दारं आणि एकही उघडं नाही. कोण राहतंय तेसुद्धा कळत नाही." ती पलंगावर बसते आणि रिमोट हातात घेते.

टीव्हीवर हॉटेलचं पान उघडतं. त्यात एका ठिकाणी कपडे धुण्याच्या मशिनची चित्रं आहेत, चार, खाली आकडे. तळमजल्यावर नाण्यांवर चालणारी मशिनं आहेत आणि कुठलं मोकळं, कुठलं किती मिनिटांत मोकळं होणार, ते खोलीत बसून दिसतं. मी एवढं सांगते आणि चूक करते. पुढचा अर्धा तास आई दुसरं काहीही बघत नाही. "दोन नंबरला अकरा मिनिटं. चार नंबर आत्ता कुणीतरी लावलं." चाळीत पहाटे नळाला पाणी आलं की आजी पॅसेजमधून ओरडायची म्हणे, अगदी त्याच सुरात.

दहा वाजता आम्ही खाली उतरतो. आईच्या अंगात हॉटेलचा गुडघ्याखाली पोचणारा नाइट-शर्ट, पायात हॉटेलच्या सपाता, हातात दादरच्या साडीच्या दुकानाची कापडी पिशवी, कपड्यांनी भरलेली. धुलाईच्या खोलीत कुणी नाही. चारही मशिनं फिरतायत. तीन नंबरला चोवीस मिनिटं.

"वर जाऊ या, मग येऊ," मी म्हणते.

"आणि तेवढ्यात दुसरं कुणी आलं तर?" ती पिशवी तीन नंबरसमोर जमिनीवर ठेवते, भिंतीला लावून, नीट. "बादली ठेवायची. नंबर लागतो."

"आई, इथे तसं चालत नसेल."

"ठेवलेल्या बादलीला कोण हात लावतंय?"

आम्ही वर जातो. मला उगाच लाज वाटत राहते. कुणी हरवलेली वस्तू समजून काउंटरवर नेऊन दिली तर ती मुलगी पुन्हा दोन्ही हातांनी ती परत करणार आणि वाकणार. टीव्हीवर आकडे उतरतायत. नऊ, आठ. दोन मिनिटं उरल्यावर आई उठते.

खाली तीन नंबर थांबलंय, दार उघडं आहे, आधीचे कपडे कुणीतरी येऊन घेऊन गेलंय. पिशवी होती तिथेच आहे. तिच्या मागे, वीतभर अंतर सोडून, भिंतीला लावून, नीट, दुसऱ्या कुणाची तरी प्लास्टिकची टोपली. त्या टोपलीच्या मागे एक निळी पिशवी.

आई माझ्याकडे बघतसुद्धा नाही. कपडे आत टाकते आणि हात पुढे करते.

"शंभराची नाणी काढ. आणि पटपट कर, मागे लोक आहेत."