आधी टकटक ऐका

चावी फिरवा, पण स्टार्टर मारू नका. जुन्या एमजीबीत बसल्यावर पहिलं काम हेच. मागच्या बाजूने टक-टक-टक असा आवाज यायला हवा. तो इलेक्ट्रिक पेट्रोल पंपाचा. आधी भराभर वाजतो, मग मंदावतो आणि कार्बोरेटरच्या वाट्या भरल्या की गप्प होतो.

या आवाजावरून निम्मं निदान गाडी सुरू करण्याआधीच होतं. टकटक आलीच नाही, तर पंपातले पॉइंट चिकटलेत किंवा तिथवर करंट पोचत नाही. हातोडीच्या दांड्याने पंपाला हलकेच ठोकलं आणि तो वाजू लागला, तर रोग पॉइंटमध्येच. घरी पोचाल, पण पंप बदलायला झालाय. टकटक थांबतच नसेल तर टाकी रिकामी आहे, नळीत कुठेतरी हवा शिरतेय किंवा फ्लोटची सुई नीट बसत नाही. सुई बसत नसेल तर पेट्रोल बाहेर ओघळतं. हातातली सिगरेट आधी विझवा, मग बॉनेट उघडा.

इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून जास्त एमजीबी बनल्या. स्पोर्ट्स कार म्हटलं की काहीतरी नाजूक यंत्र डोळ्यांसमोर येतं, पण हिचं १७९८ सीसी इंजिन बी-सिरीजचं, म्हणजे आपल्या अँबेसेडरच्या १४८९ सीसी इंजिनाचं सख्खं भावंड. बिडाचा ब्लॉक, पुशरॉड, टॅपेटची तीच खडखड. अँबेसेडरवर हात बसलेल्या मिस्त्रीला इथे बुजायचं कारण नाही.

गाडी मिसिंग करू लागली की मालक सरळ कार्बोरेटर उघडायला बसतो. माझ्या मते ही सर्वांत महागडी सवय. आधी डिस्ट्रिब्युटरची टोपी काढा. पॉइंटमधली फट पंधरा थाऊ, म्हणजे ०.३८ मिलिमीटर आहे का, पॉइंट जळून खड्डे पडलेत का, ते पाहा. नवा कंडेन्सर टाकलात तरी जुना फेकू नका. खोक्यातून काढलेला नवा माल आठवड्यात बसल्याची उदाहरणं थोडी नाहीत. हे सगळं ठीक निघालं तरच एसयू कार्बोरेटरकडे वळा. त्याच्या खालची छोटी पिन दाबून पिस्टन जेमतेम एक मिलिमीटर उचला. इंजिन क्षणभर चढून पुन्हा बसलं तर मिश्रण बरोबर. चढून तसंच राहिलं तर पेट्रोल जास्त, मरगळलं तर कमी. जेटचा नट एका वेळी एकच बाजू फिरवायचा आणि पुन्हा ऐकायचं.

विजेचं दुखणं मात्र वेगळंच. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, हा खेळ या गाडीच्या मालकांच्या ओळखीचा असतो. बल्ब, स्विच, फ्लॅशर बदलून होतात. दोष असतो अर्थिंगचा. दिव्याच्या बैठकीखाली गंज चढलेला असतो, करंटला बॉडीकडे परत जायची वाट मिळत नाही, मग तो शेजारच्या बल्बमधून वाट काढतो. काळी वायर शोधा, तिचं टोक आणि पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत घासा, घट्ट आवळा. खर्च शून्य. वायरचे रंग पाठ करून ठेवले तर बरं: तपकिरी सतत जिवंत, पांढरी चावीनंतरची, हिरवी चावीनंतर फ्यूजमधून आलेली. १९६७ पर्यंतच्या गाड्यांत एक गोम आहे. तिथे बॅटरीची धन बाजू बॉडीला जोडलेली असते. आजचा म्युझिक प्लेयर डोळे झाकून जोडलात तर पहिल्याच मिनिटाला धूर.

तापणं, क्लचमधली गळती वगैरे सोडवता येण्याजोगं आहे. खरी भीती गंजाची. या गाडीला वेगळी चासी नाही आणि उघड्या मॉडेलला छपराचाही आधार नाही. भार पेलतात दाराखालच्या पोकळ पत्र्याच्या पेट्या, म्हणजे सिल. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल आत साठतो आणि पत्रा आतून खातो. बाहेरून रंग झकास दिसतो. म्हणून विकत घ्यायला गेलात तर दार बंद असताना त्याच्या कडेची फट पाहून ठेवा, मग गाडी जॅकवर घ्या. फट मिटत चालली किंवा दार अडकलं, तर पंप, पॉइंट, कार्बोरेटर सगळं राहू द्या. आधी वेल्डरचा अंदाज घ्या, मग किमतीचं बोला.