नासलेली की मुरलेली?

मार्च 2024मध्ये बेल्जियममधल्या ल्यूव्हेन विद्यापीठाचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि जगभर मथळे झळकले: कृत्रिम बुद्धिमत्ता आता बिअरची चव सुधारणार! केव्हिन व्हर्स्ट्रेपेन यांच्या गटानं 250 बेल्जियन बिअर घेतल्या, प्रत्येकीचे दोनशेहून अधिक रासायनिक गुणधर्म मोजले, 16 प्रशिक्षित परीक्षकांकडून त्या चाखून घेतल्या आणि जोडीला बिअरशौकिनांनी ऑनलाइन लिहिलेले सुमारे 1,80,000 अभिप्राय संगणकाला पुरवले. संगणकानं हेरलेली द्रव्यं बाजारातल्या एका बिअरमध्ये घातल्यावर ती परीक्षकांना खरोखरच जास्त आवडली. अल्कोहोलविरहित बिअरचीही चव सुधारली. काम अव्वल दर्जाचं आहे यात शंका नाही, पण मथळे फसवे. संगणकाला उमगली ती सरासरी आवड, आणि तीही मुळातच हौसेनं बिअर चाखणाऱ्यांची.

बेल्जियन बिअरची खरी गंमत सरासरीत सापडत नाही. तिथल्या ‘ग्योझ’ या आंबट बिअरचा घोट घेऊन एकजण दाद देतो, तर शेजारचा ‘ही नासली आहे’ म्हणून ग्लास बाजूला सारतो.

ती बनते कशी हे पाहिलं, तर दुसऱ्याला दोष देता येत नाही. ब्रसेल्सच्या आंडरलेख्त भागात 1900 साली सुरू झालेल्या ‘काँतियों’ ब्रुअरीत आजही जुनीच रीत आहे. बार्लीचा माल्ट आणि कच्चा गहू यांचा काढा मुद्दाम जुनी केलेली हॉप्सची कडू फुलं घालून उकळतात. मुरलेल्या हॉप्सचा कडवटपणा बराचसा ओसरलेला असतो, टिकवण्याचा गुण मात्र शिल्लक असतो. मग तो गरम काढा पोटमाळ्यावरच्या तांब्याच्या, परातीसारख्या उथळ हौदात ओततात आणि रात्रभर उघडा ठेवतात. यीस्ट घालायचं नाही. हवेतून, लाकडातून जे येईल ते येऊ द्यायचं. म्हणूनच हे काम थंडीच्या महिन्यांतच चालतं, कारण उन्हाळ्यात नको ते जंतू माजतात. सकाळी काढा लाकडी पिंपांत जातो. तिथली कोळ्यांची जाळी कुणी झाडत नाही; पिंपांवर घोंगावणाऱ्या चिलटांचा बंदोबस्त कोळीच करतात.

पिंपात पुढे पाळीपाळीनं राज्यं बदलतात. पहिला महिनाभर आतड्यातल्या जिवाणूंच्या कुळातले जंतू, मग नेहमीचं यीस्ट, दोनेक महिन्यांनी लॅक्टिक आम्ल तयार करणारे पेडिओकॉकस, आणि साधारण सहा महिन्यांनंतर ब्रेटॅनोमायसिस नावाचं संथ, चिवट यीस्ट. या बिअरला लॅम्बिक म्हणतात. एक, दोन आणि तीन वर्षं मुरलेल्या लॅम्बिक एकत्र करून बाटलीत पुन्हा आंबवल्या की ग्योझ होते. तिच्यातलं मुख्य आम्ल दह्यात असतं तेच. आंबटाची सवय असलेली माणसंही बिचकतात ती ब्रेटॅनोमायसिसच्या वासाला. 4-एथिलफिनॉलसारख्या रेणूंमुळे त्या वासात घोड्याचा तबेला, चामडं, कधी औषधी पट्टीही जाणवते. वाइनमध्ये हाच वास सहसा दोष ठरतो, ग्योझमध्ये तोच वैभव.

या यीस्टचा शोध लावणारा माणूस मात्र पार मागे पडला. 1883 साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल क्रिस्चन हॅन्सननं एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं. लागर बिअरचं नशीब पालटलं आणि बाकी सारे सूक्ष्मजीव शत्रू ठरले. पण इंग्रज ब्रुअरनी शुद्ध यीस्ट वापरून पाहिलं, तेव्हा त्यांची महिनोन्‌महिने मुरवायची स्टॉक बिअर बेचव होऊ लागली. कोडं उलगडलं कार्ल्सबर्गच्याच निल्स हेल्टे क्लाउसेननं. इंग्लिश बिअरमधून त्यानं एक निराळं यीस्ट वेगळं काढलं, 1903 साली पेटंट घेतलं आणि 1904 साली लंडनच्या ब्रुअरांपुढे ठणकावून मांडलं की, ज्याला तुम्ही भेसळ समजता त्याच्याशिवाय तुमची चव नाही. सगळी दुनिया शुद्धतेच्या नादी लागलेली असताना, शुद्धतेच्या माहेरघरातूनच हे सांगायला धैर्य लागतं. ब्रिटिश बिअरवरूनच त्यानं त्या यीस्टला ब्रेटॅनोमायसिस नाव दिलं. ब्रसेल्सच्या लॅम्बिकमधलं त्याचं भावंड पुढे 1921 साली कुफेराथ आणि व्हान लायर यांनी वर्णिलं. हॅन्सनचं नाव आंबवण्याच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतं. क्लाउसेनचंही त्याच पानावर असायला हवं.

आता त्या दोन ग्लासवाल्यांकडे. आंबट चव जिभेवरच्या ओटॉप-1 या प्रथिनामुळे कळते, हे 2018-19मध्ये पक्कं झालं. जुळ्यांच्या 2007 सालच्या एका अभ्यासात, आंबट चव किती सौम्य असताना ओळखू येते यातल्या माणसामाणसांतल्या फरकाचा सुमारे निम्मा वाटा आनुवंशिक निघाला. नाकाचं तर विचारूच नका. जुन्या हॉप्सच्या चीजसारख्या वासामागे आयसोव्हॅलेरिक आम्ल असतं. घामट पायमोज्यांनाही त्याचाच वास येतो, पण काहींना तो जवळजवळ येतच नाही. जॉन अमूर या शास्त्रज्ञानं 1960च्या दशकात असं ‘ठरावीक वासापुरतं आंधळेपण’ तपशिलात अभ्यासलं. म्हणजे एकाच ग्लासातून दोघांना मुळात वेगवेगळे वास मिळत असतात.

इथे एक लोकप्रिय गैरसमज खोडायला हवा. बिअर कडू लागली की ‘सुपरटेस्टर’ जनुकाकडे बोट दाखवायची पद्धत पडली आहे. ते जनुक टीएएस2आर38. ते पीटीसीसारखी कडू द्रव्यं ओळखतं. हॉप्समधली कडू आम्लं प्रामुख्यानं टीएएस2आर1, 14 आणि 40 या कडू चवीच्या वेगळ्याच ग्राहींना (रिसेप्टरना) चेतवतात. पीटीसीची कागदी पट्टी चाटून बिअरची आवडनिवड सांगणाऱ्या चाचण्यांवर विश्वास ठेवू नये.

शिवाय काळानुसार बिअरही बदलते. दक्षिण बेल्जियममधल्या ऑर्व्हाल मठाची बिअर बाटलीत भरताना तिच्यात ब्रेटॅनोमायसिस घालतात. ताजी असते तेव्हा हॉप्सचा सुगंध पुढे असतो. सहा महिन्यांनी तो मावळतो, गोडवा सरतो आणि तबेला डोकावू लागतो. काही कॅफेंत म्हणूनच तरुण आणि वयस्क अशा दोन्ही ऑर्व्हाल मागता येतात, आणि दोन्हींचे कट्टर चाहते वेगवेगळे असतात. तेव्हा ऑर्व्हाल आवडते की नाही, असा कौल देण्याआधी बाटलीवर छापलेली भरल्याची तारीख जरूर वाचावी.