एकाच मशीनवर दोन पोस्टग्रेस

● पोर्ट : पोस्टग्रेसचा ठरलेला पोर्ट ५४३२. डेबियन किंवा उबुंटूवर दुसरी आवृत्ती टाकली, की तिला आपोआप पुढचा मोकळा पोर्ट मिळतो; बहुधा ५४३३.

● डेटा : प्रत्येक आवृत्तीची डिरेक्टरी वेगळी. १५ च्या डिरेक्टरीवर १६ चा सर्व्हर सुरूच होत नाही.

● यादी : 'पीजी_एलएसक्लस्टर्स' ही कमांड आवृत्ती, पोर्ट आणि कोणता सर्व्हर चालू, कोणता बंद, हे एका नजरेत दाखवते.

● मेमरी : दोन्ही सर्व्हर आपापले 'शेअर्ड बफर्स' घेतात, मूळ सेटिंग प्रत्येकी १२८ एमबी.

● स्थलांतर : डेटा हलवताना नव्या आवृत्तीचाच 'पीजी_डंप' वापरावा.

● मुदत : मोठी आवृत्ती दरवर्षी येते, प्रत्येकीला दुरुस्त्या मिळतात ५ वर्षे.