वेढ्यांच्या गोष्टी : धारूर पडले, चौल टिकले

बीड जिल्ह्यातला धारूरचा किल्ला आदिलशाही सरदार किश्वरखानाने १५६७च्या सुमारास उभा केला. बालाघाटाच्या सोंडेवरची ही जागा हेरणाऱ्याची नजर पक्की होती: तीन बाजूंना दऱ्या, चौथ्या बाजूला खंदक. निजामशाहीच्या उरावरच हे ठाणे बसले. माल्टा आणि फामागुस्ताच्या वेढ्यांशी बीड जिल्ह्याचा संबंध काय, असे एका वाचकाने विचारले आहे आणि त्याचे उत्तर धारूरपासूनच सुरू होते.

१५६९मध्ये मुर्तजा निजामशहा धारूरवर चालून आला. पुढची हकीकत इतिहासकार फरिश्त्याने दिली आहे आणि तो निजामशाहीच्याच दरबारात वाढलेला. किश्वरखानाचे उर्मट पत्र वाचून सुलतान इतका भडकला, की किल्ल्यात शिरल्याशिवाय घोड्यावरून उतरणार नाही, अशी शपथ घेऊन थेट दरवाजावर गेला. वरून तोफा-बंदुकांचा मारा चाललेला. मग तो एकाएकी थांबला. आत जाऊन पाहतात तो किश्वरखान बाण लागून मरून पडलेला आणि शिबंदी पसार! दख्खनच्या इतिहासात इतका बळकट किल्ला इतक्या झटपट क्वचितच पडला असेल.

या विजयाच्या धुंदीतच १५७०च्या अखेरीस निजामशाही फौज चौलला भिडली. पोर्तुगिजांना किनाऱ्यावरून उखडायचे, म्हणून अली आदिलशहाने त्याच वेळी गोव्याला वेढा घातला आणि कालिकतचा सामुरीही त्यांना सामील झाला. चौलचे पोर्तुगीज गाव म्हणजे आजचे रेवदंडा. त्याला तेव्हा धड तटही नव्हता. गोव्याहून कुमक घेऊन आलेल्या फ्रान्सिस्को मास्करेन्यशने घरे आणि मठच मोर्चे म्हणून लढवले. एकेका इमारतीसाठी झुंज झाली.

निजामशाही तोफखाना मात्र अव्वल होता आणि त्याची विद्या तुर्कांकडून आलेली. अहमदनगरला १५४९मध्ये ओतलेली मलिक-ए-मैदान ही मुहम्मद बिन हसन रूमी या तुर्की कारागिराची. तिच्या तोंडाशी सिंहाचा जबडा कोरला आहे आणि त्या जबड्यात हत्ती चिरडला जातो आहे. पुढे ती परंड्याला होती, तिथून १६३२मध्ये विजापूरला गेली. अशी विद्या हाती असूनही चौल हटले नाही.

पोर्तुगीज लेखक वेढा घालणाऱ्यांची संख्या लाखाच्या वर नेतात. तो आकडा उघडच फुगवलेला आहे. फरिश्ता अपयशाचे खापर निजामशाही सरदारांवर फोडतो: भेटी आणि मद्य घेऊन त्यांनी आत रसद जाऊ दिली. फितुरी झाली असेलच, पण खरे कारण समुद्र. धारूरभोवती दऱ्या होत्या, तरी बाहेरून मदत यायला वाट नव्हती. चौलला गोवा आणि वसईहून गलबते येत राहिली आणि ती अडवण्याजोगे आरमार अहमदनगरकडे नव्हते. १५६५मध्ये माल्टालाही सिसिलीहून समुद्रमार्गे आलेली कुमकच निर्णायक ठरली. उलट सायप्रसच्या फामागुस्ताला व्हेनिसची पुरेशी मदत पोचली नाही आणि १५७१च्या ऑगस्टमध्ये ते उस्मानी तुर्कांच्या हाती गेले.

त्याच्या आदल्याच महिन्यात, जुलै १५७१मध्ये, मुर्तजाने पोर्तुगिजांशी तह करून चौलचा वेढा उठवला. गोव्यालाही आदिलशहाच्या हाती काही लागले नाही. सामुरीने तेवढा चाल्यमचा किल्ला घेतला. या वेढ्यानंतर पोर्तुगिजांनी चौलची तटबंदी बळकट केली. खाडीपलीकडचा कोरलईचा डोंगर मात्र निजामशाहीकडेच राहिला. त्या डोंगरासाठी झालेल्या १५९४च्या लढाईची हकीकत पुढच्या भागात.