जठरातला जुना मुक्काम

अल्सर, अपचन अशा तक्रारी घेऊन आलेल्या १५२६ रुग्णांवर जपानमधील डॉक्टरांनी सरासरी पावणेआठ वर्षं नजर ठेवली. त्यांतल्या १२४६ जणांच्या जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू होता, २८० जणांच्या नव्हता. २००१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जिवाणू असलेल्यांपैकी ३६ जणांना जठराचा कर्करोग झाला होता. नसलेल्यांपैकी एकालाही नाही.

शंभरात साधारण तिघं. म्हणजे जिवाणू सापडला म्हणून धास्तावून जायचं कारण नाही. पण त्याकडे काणाडोळा करण्याइतका हा आकडा लहानही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तर १९९४ मध्येच या जिवाणूला निश्चित कर्ककारकांच्या पहिल्या गटात टाकलं होतं.

जठरातल्या तीव्र आम्लात काही जगत नाही, असंच वैद्यकशास्त्र पूर्वी मानत असे. हा मळसूत्री आकाराचा जिवाणू मात्र युरिएज नावाचं विकर सोडतो, युरियापासून अमोनिया तयार करतो आणि स्वतःभोवतीचं आम्ल मारून टाकतो. मग जठराच्या बुळबुळीत अस्तरात शिरून तिथेच ठाण मांडतो. लागण बहुधा लहानपणी, घरातल्याच माणसांकडून होते. पुढे दाह चालू राहतो, वर्षानुवर्षं. काहींमध्ये अस्तर झिजतं, जठराच्या पेशींच्या जागी आतड्यासारख्या पेशी येतात, त्यांतल्या काही बिघडतात आणि क्वचित त्यांतून कर्करोग उभा राहतो. या प्रवासाला काही दशकं लागतात. म्हणजे जिवाणूवर उपचार करायला बरीच सवड असते.

ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन यांना १९७९ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली हे जिवाणू दिसले. त्यांच्या तरुण सहकाऱ्याने, बॅरी मार्शल यांनी, १९८४ मध्ये जिवाणूंचं द्रावण स्वतःच पिऊन टाकलं. काही दिवसांत उलट्या सुरू झाल्या आणि दुर्बिणीच्या तपासणीत जठराला सूज आलेली दिसली. त्या धाडसाने जठराचा दाह सिद्ध झाला, कर्करोग नव्हे. तो दुवा जुळायला पुढची अनेक वर्षं आणि हजारो रुग्ण लागले. दोघांना २००५ चं नोबेल मिळालं.

भारताचं चित्र जरा कोड्यात टाकणारं आहे. इथे लागण भरपूर, पण देशाचा एकूण विचार केला तर जठराचा कर्करोग त्या मानाने कमी. मिझोराममध्ये मात्र त्याचं प्रमाण देशात सर्वाधिक आहे. धुरावलेलं आणि खारवलेलं मांस, तंबाखू यांचा तिथे वाटा असल्याचं अभ्यासक सांगतात. जिवाणूची जात, माणसाची जनुकं आणि ताटातलं अन्न एकत्र आलं की धोका वाढतो.

जिवाणू आहे का हे पाहण्यासाठी एंडोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीची तपासणी, करताना जठराच्या अस्तराचा कणभर तुकडा काढून पिवळ्या जेलमध्ये ठेवतात. जिवाणू असेल तर जेल गुलाबी होऊ लागतं, कधी काही मिनिटांतच. एंडोस्कोपी नको असेल तर श्वासाची किंवा शौचाची तपासणी असते. आपल्याकडे ‘पित्त झालंय’ म्हणत महिनोन्‌महिने दुकानातून गोळ्या आणून घेतल्या जातात आणि ही साधी तपासणी राहून जाते, हे खरोखर वाईट आहे. वजन घटणं, काळं चिकट शौच, गिळायला त्रास किंवा कारण नसताना रक्त कमी होणं, यांपैकी काही असेल तर दुखणं अंगावर काढू नये.

तैवानच्या मात्सू बेटांवर २००४ पासून सरसकट तपासणी आणि उपचार झाले. जठराच्या कर्करोगाचे नवे रुग्ण निम्म्याहून अधिक घटले. उपचार म्हणजे आम्ल कमी करणारी गोळी आणि सोबत प्रतिजैविकं, बहुतेकदा १४ दिवस. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडल्या, तर जिवाणू उरतो आणि औषधांना दाद देईनासा होतो. कोर्स पूर्ण झाल्यावर किमान चार आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी लागते आणि श्वासाच्या चाचणीआधी दोन आठवडे आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना विचारून थांबवाव्या लागतात. नाहीतर जिवाणू असूनही अहवाल ‘नाही’ असा येऊ शकतो.