यजमान कोण? ब्रिटिश राजघराण्याच्या भारतभेटी आणि त्यांचा बदलता अर्थ (१८७५ ते २०२४)

प्रस्तावना

ब्रिटनचा राजा किंवा राणी परदेशात गेली की त्या भेटीचे वर्णन बहुधा मिरवणूक, मेजवानी, पोशाख आणि नजराणे यांच्या तपशिलातच संपते. वृत्तपत्रांच्या दृष्टीने ते स्वाभाविक आहे. राज्यशास्त्राच्या अभ्यासकासमोर मात्र अशा भेटींतून एक मूलभूत प्रश्न उभा राहतो, तो म्हणजे या समारंभात यजमान कोण? कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडमध्ये हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. ब्रिटनचा राजा हाच संविधानानुसार त्या देशांचाही राजा असल्याने तो तेथे घरधनी म्हणून येतो. भारत राष्ट्रकुलाचा सदस्य आहे, परंतु तो प्रजासत्ताक आहे. त्यामुळे येथे ब्रिटनच्या राजाला पाहुणा म्हणूनच यावे लागते. सम्राटाचे पाहुण्यात झालेले हे रूपांतर एका दिवसात घडले नाही. ते राजशिष्टाचाराच्या लहानसहान तपशिलांतून, कधी सामोपचाराने तर कधी कुरबुरीने घडत गेले. प्रस्तुत लेखात या भेटींचा आढावा याच दृष्टीने घेण्याचा प्रयत्न केला आहे.

सम्राट आणि समुद्रद्वार

वसाहतकाळातील शाही भेटींचे प्रवेशद्वार मुंबई हे होते. नोव्हेंबर १८७५ मध्ये युवराज अल्बर्ट एडवर्ड, म्हणजे पुढील काळातील सातवे एडवर्ड, मुंबईत उतरले. प्रिन्सेस डॉकची कोनशिला त्यांच्याच हस्ते बसविण्यात आली. या भेटीची आठवण म्हणून अल्बर्ट ससून यांनी युवराजांचा अश्वारूढ पुतळा शहराला भेट दिला. तो पुतळा १९६५ मध्ये हलविण्यात येऊन भायखळ्याच्या राणीबागेत गेला. गंमत अशी की, स्वार आणि घोडा दोघेही गेल्यावरही त्या परिसराचे ‘काळा घोडा’ हे नाव टिकून राहिले. लोकांनी नाव घोड्याचे ठेवले होते, युवराजांचे नव्हे! नोव्हेंबर १९०५ मध्ये युवराज जॉर्ज आले आणि त्यांनी प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची पायाभरणी केली. ते संग्रहालय आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय या नावाने ओळखले जाते.

हेच जॉर्ज २ डिसेंबर १९११ रोजी राणी मेरी यांच्यासह अपोलो बंदरावर उतरले ते सम्राट पंचम जॉर्ज म्हणून. भारताचा सम्राट या नात्याने प्रत्यक्ष भारतात आलेले ते एकमेव ब्रिटिश राजे होत. १२ डिसेंबर रोजी दिल्लीत दरबार भरला. राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस नेण्याची आणि बंगालची फाळणी रद्द करण्याची घोषणा तेथेच झाली. ब्रिटनचा राजमुकुट देशाबाहेर नेता येत नसल्याने या दरबारासाठी स्वतंत्र मुकुट घडविण्यात आला होता. या दरबारात यजमान सम्राटच होते आणि मुजरा करणारे संस्थानिक हे निमंत्रित होते. दरबाराच्या या रचनेत किंचित फट पडली ती बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्यामुळे. अपेक्षित अलंकार न घालता ते पुढे आले, एकदाच लवले आणि पाठ वळवून परत गेले. त्यांनी हे हेतुपुरस्सर केले की ती अनवधानाने झालेली चूक होती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. महाराजांनी नंतर व्हाइसरॉयकडे लेखी खुलासाही पाठविला. हेतू काहीही असो, एका मराठी संस्थानिकाची काही पावलांची चाल साम्राज्याच्या वृत्तपत्रांना इतकी झोंबावी, यातच दरबाराचे मर्म दिसते. तेथे देहाची प्रत्येक हालचाल म्हणजे राजनिष्ठेची पावती होती.

ही पावती सामान्य जनतेने उघडपणे नाकारली ती दहा वर्षांनी. १७ नोव्हेंबर १९२१ रोजी युवराज एडवर्ड मुंबईत उतरले, त्या वेळी असहकार चळवळ ऐन भरात होती. काँग्रेसने स्वागतावर बहिष्कार पुकारला होता आणि शहरात परदेशी कापडाची होळी झाली. मात्र बहिष्काराचे रूपांतर दंगलीत झाले. स्वागताला गेलेल्या पारशी, ख्रिस्ती व अँग्लो-इंडियन लोकांवर हल्ले झाले आणि त्यानंतरच्या दिवसांत पन्नासहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. व्यथित झालेल्या गांधीजींनी उपोषण आरंभिले. या घटनेचा उल्लेख राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासात पुष्कळदा ओझरता होतो, हे योग्य नव्हे. पाहुण्याला नाकारण्याचा हक्क बजावताना शेजाऱ्याचा स्वागताचा हक्क हिरावला गेला होता आणि गांधीजींना ते तत्काळ जाणवले होते.

अपोलो बंदरावर उभी असलेली गेटवे ऑफ इंडिया ही वास्तू १९११ च्या आगमनाचे स्मारक होय. ती १९२४ मध्ये पूर्ण झाली. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी अखेरची ब्रिटिश पलटण याच कमानीखालून बोटीत चढली. त्यानंतरचे सर्व शाही पाहुणे विमानाने आले.

लंडन जाहीरनामा : एक शब्द, दोन भूमिका

स्वातंत्र्यानंतर भारत लगेच प्रजासत्ताक झाला नाही, ही बाब विद्यार्थ्यांच्याच नव्हे तर कित्येकदा अध्यापकांच्याही नजरेतून सुटते. १५ ऑगस्ट १९४७ ते २५ जानेवारी १९५० या काळात सहावे जॉर्ज हे स्वतंत्र भारताचे घटनात्मक राजे होते. सम्राटपदावर असताना त्यांनी भारतात कधीही पाऊल ठेवले नाही. योजलेला दरबार पुढे ढकलला गेला आणि अखेरपर्यंत भरलाच नाही.

प्रजासत्ताक होऊनही राष्ट्रकुलात राहता येईल काय, हा १९४९ मधील पेच होता. तोवर राजमुकुटाशी समान निष्ठा हीच राष्ट्रकुलाच्या सदस्यत्वाची खूण मानली जाई. २८ एप्रिल १९४९ च्या लंडन जाहीरनाम्याने त्यातून मार्ग काढला. भारताने राजाला स्वतंत्र राष्ट्रांच्या मुक्त सहयोगाचे प्रतीक आणि त्या अर्थाने राष्ट्रकुलाचे प्रमुख म्हणून मान्यता दिली, मात्र निष्ठा वाहिली नाही. ‘प्रमुख’ या शब्दामागे भारतापुरता कोणताही घटनात्मक अधिकार नव्हता.

पुढील सर्व भेटींचे आकलन होण्यासाठी येथे एक भेद लक्षात घ्यावा लागतो. ब्रिटनचा राजा ब्रिटनचा राष्ट्रप्रमुख म्हणून बोलतो तेव्हा तो ब्रिटिश मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बोलतो. राष्ट्रकुलाचा प्रमुख म्हणून बोलताना मात्र तो केवळ ब्रिटिश मंत्र्यांचा मुखत्यार नसतो. व्यक्ती एकच असते, भूमिका दोन असतात. भारतातील बहुतेक वाद या दोन भूमिकांच्या सांध्यावरच उद्भवले आहेत.

१९६१ : प्रजासत्ताकाच्या संचलनात राणी

जानेवारी १९६१ मध्ये राणी एलिझाबेथ द्वितीय आणि प्रिन्स फिलिप यांचे दिल्लीत आगमन झाले. पंचम जॉर्ज यांच्यानंतर पन्नास वर्षांनी ब्रिटनची राजसत्ता भारतात येत होती. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद हे यजमान होते. २६ जानेवारीच्या संचलनास राणी प्रमुख पाहुण्या म्हणून उपस्थित राहिल्या. ज्या दिवशी त्यांच्या वडिलांचे भारतातील राजेपद संपुष्टात आले, त्याच दिवसाच्या उत्सवाला त्या आल्या होत्या आणि मानवंदना स्वीकारत होते ते भारताचे राष्ट्रपती. नेहरूंच्या सरकारने हा प्रसंग कोणताही गाजावाजा न करता, केवळ आसनांच्या मांडणीतून साधला. या सर्व भेटींतील राजशिष्टाचाराचा हा सर्वांत परिणामकारक वापर म्हणावा लागेल.

दौरा मोठा होता. दिल्लीच्या रामलीला मैदानावर राणींनी विराट जनसमुदायापुढे भाषण केले, अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या इमारतीचे उद्घाटन केले. जयपूर, आग्रा, अहमदाबाद, कलकत्ता, मद्रास, बंगळूर, वाराणसी अशी अनेक शहरे त्यांनी पाहिली. फेब्रुवारीत त्या मुंबईला आल्या, तेव्हा महाराष्ट्र राज्याला एक वर्षही पूर्ण झाले नव्हते. गर्दी सर्वत्र प्रचंड होती. या गर्दीचा अर्थ काहींनी गुलामीची सवय असा लावला. तो घाईचा वाटतो. निष्ठा सक्तीची नसल्यावर कुतूहल मोकळे होते, असेही म्हणता येते. दौऱ्यात गालबोट लागले ते जयपूरच्या महाराजांनी आयोजिलेल्या शिकारीमुळे. तेथे प्रिन्स फिलिप यांनी वाघ मारला आणि त्यावर टीका झाली. दरबारी काळाचा तो अखेरचा अवशेष होता. पुढे बारा वर्षांनी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला.

१९८३ : दरबार हॉल आणि बागेतील चहा

नोव्हेंबर १९८३ मध्ये राष्ट्रकुल राष्ट्रप्रमुखांची परिषद नवी दिल्लीत भरली. त्यानिमित्ताने राणी पुन्हा आल्या आणि राष्ट्रपती भवनात उतरल्या. परिषदेपूर्वी त्या हैदराबादलाही गेल्या. २० नोव्हेंबर हा त्यांच्या विवाहाचा वाढदिवस बोलारम येथील चर्चमध्ये प्रार्थनेने साजरा झाला.

खरा पेच दिल्लीत निर्माण झाला. मदर तेरेसा यांना ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हा सन्मान राणींच्या हस्ते द्यावयाचा होता. हा सन्मान राजसत्तेच्या व्यक्तिगत अखत्यारीतील असून तो ब्रिटिश आहे, राष्ट्रकुलाचा नव्हे. परिषदेचे मुख्य समन्वयक नटवर सिंह यांनी पुढे सांगितलेल्या आठवणीनुसार, हा समारंभ राष्ट्रपती भवनाच्या दरबार हॉलमध्ये घेण्याचा बेत होता. इंदिरा गांधींनी त्यास हरकत घेतली. राष्ट्रपती भवनात सन्मान प्रदान करण्याचा अधिकार केवळ भारताच्या राष्ट्रपतींचा, ही त्यांची भूमिका होती. मार्गारेट थॅचर यांच्यापर्यंत हा निरोप पोहोचविण्यात आला. अखेर राणींनी मदर तेरेसा यांना मुघल उद्यानात चहाला बोलावले आणि २४ नोव्हेंबर रोजी तेथेच सन्मान त्यांच्या हाती दिला.

वरवर पाहता हा मानापमानाचा खेळ वाटेल. पण ज्या दालनात १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळाचा शपथविधी झाला आणि जेथे भारताचे नागरी सन्मान दिले जातात, तेथे दुसऱ्या देशाच्या राजसत्तेने भारतीय नागरिकाला सन्मानित करणे म्हणजे काही मिनिटांपुरते यजमानपद सोडणेच होते. घरात उतरलेल्या पाहुण्याने त्याच घरात स्वतःचा दरबार भरवायचा नसतो. इंदिरा गांधींचा आक्षेप रास्त होता आणि बागेचा तोडगा सुसंस्कृत होता.

१९९७ : अमृतसर

स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त ऑक्टोबर १९९७ मध्ये झालेली तिसरी भेट सर्वाधिक वादग्रस्त ठरली. राणी पाकिस्तानातून भारतात येत होत्या. सोबत असलेले ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांच्या काश्मीरविषयक वक्तव्याच्या बातम्यांनी वातावरण आधीच तापले होते. पंतप्रधान इंद्रकुमार गुजराल यांनी ब्रिटनला तिसऱ्या दर्जाची सत्ता म्हटल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. भारताच्या बाजूने त्याचा इन्कार करण्यात आला.

जालियनवाला बागेचा प्रश्न याहून खोल होता. १३ एप्रिल १९१९ रोजी तेथे झालेल्या गोळीबारात अधिकृत आकड्यानुसार ३७९ माणसे मारली गेली. भारतीय अंदाज त्याहून बरेच मोठे आहेत. राणींनी माफी मागावी अशी मागणी होत होती. १३ ऑक्टोबर रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी दिलेल्या मेजवानीत राणींनी जालियनवाला बागेचा नावानिशी उल्लेख केला. भूतकाळात दुःखद प्रसंग घडले, परंतु इतिहास पुन्हा लिहिता येत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. दुसऱ्या दिवशी अमृतसरला त्यांनी पादत्राणे काढून स्मारकापाशी पुष्पचक्र वाहिले. माफीचा शब्द मात्र उच्चारला गेला नाही. त्यातच हुतात्म्यांची संख्या सुमारे दोन हजार असल्याचे सांगणाऱ्या फलकाकडे पाहून प्रिन्स फिलिप यांनी ती अतिशयोक्ती असल्याचे म्हटले आणि त्याला आधार दिला तो जनरल डायरच्या मुलाकडून ऐकलेल्या माहितीचा. पुष्पचक्राने जे साधले होते, त्यातील बरेचसे या एका वाक्याने वाहून गेले.

राणींच्या मौनाचे स्पष्टीकरण घटनात्मक आहे. राजकीय परिणाम असलेली माफी ब्रिटनचा राजा स्वतःच्या मर्जीने मागू शकत नाही. तो निर्णय सरकारचा असतो. म्हणजेच माफीची मागणी ज्या पत्त्यावर धाडली गेली, तेथे उत्तर देण्याचा अधिकारच नव्हता. अधिकार असलेल्यांनीही पुढे हातचे राखूनच शब्द वापरले. फेब्रुवारी २०१३ मध्ये पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून अमृतसरला गेले आणि त्यांनी ही घटना अत्यंत लज्जास्पद असल्याचे नमूद केले. शताब्दीच्या वर्षी, एप्रिल २०१९ मध्ये, थेरेसा मे यांनी ब्रिटिश संसदेत तीव्र खेद व्यक्त केला. खेद आणि माफी यांतील अंतर दोघांनीही ओलांडले नाही. तथापि, घटनात्मक स्पष्टीकरण आहे म्हणून पीडितांच्या वारसांचे समाधान व्हावे, अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे ठरेल. सम्राटाच्या नावाने गोळी झाडताना ‘सल्ला’ कोणाचा, असा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

राणींनंतर

एलिझाबेथ द्वितीय पुन्हा भारतात आल्या नाहीत. पुढील भेटी युवराजांच्या व नातवांच्या झाल्या. नोव्हेंबर २००३ मध्ये युवराज चार्ल्स चर्चगेट येथे मुंबईच्या डबेवाल्यांना भेटले आणि २००५ मध्ये त्यांच्या विवाहास डबेवाल्यांचे दोन प्रतिनिधी लंडनला गेले. शाही भेटीने सामान्य मराठी माणसाला यजमान आणि मग पाहुणा केल्याचे हे दुर्मीळ उदाहरण आहे. एप्रिल २०१६ मध्ये प्रिन्स विल्यम व केट यांनी मुंबईत २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यातील मृतांना ताज हॉटेलमध्ये आदरांजली वाहिली. गेटवेच्या शेजारच्याच या वास्तूत आता दुःख यजमानाचे होते आणि पाहुणे सांत्वनाला आले होते.

दिल्लीत ३ ऑक्टोबर २०१० रोजी राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या उद्घाटनाच्या वेळी जुना प्रश्न पुन्हा डोके वर काढून गेला. स्पर्धांचे उद्घाटन राष्ट्रकुल प्रमुखांच्या वतीने युवराज चार्ल्स करणार की राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील, यावर आधी बरीच चर्चा झाली. प्रत्यक्षात चार्ल्स यांनी राणींचा संदेश वाचून स्पर्धा सुरू झाल्याचे घोषित केले आणि त्यानंतर राष्ट्रपतींनीही तशीच घोषणा केली. एकाच स्पर्धेचे दोनदा उद्घाटन झाले!

८ सप्टेंबर २०२२ रोजी राणींचे निधन झाले. त्याच सायंकाळी नवी दिल्लीत राजपथाचे ‘कर्तव्यपथ’ या नव्या नावाने लोकार्पण झाले आणि इंडिया गेटजवळच्या छत्रीखाली नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या पुतळ्याचे अनावरण करण्यात आले. या छत्रीखाली १९६८ पर्यंत पंचम जॉर्ज यांचा पुतळा होता. भारत सरकारने ११ सप्टेंबर रोजी एक दिवसाचा राजकीय दुखवटा पाळला आणि राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू अंत्यविधीसाठी लंडनला गेल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये समोआ येथील राष्ट्रकुल परिषदेनंतर राजे चार्ल्स तृतीय यांनी बंगळूरूनजीकच्या एका आरोग्यकेंद्रात काही दिवस वास्तव्य केले. ती भेट खाजगी होती. तिच्यासाठी ना संचलन होते, ना मेजवानी, ना भाषण.